साखळीनानांनी पुसलेली नावं

नातीच्या तोंडून पहिली दोन नावं बाहेर पडली तेव्हा साखळीनाना पेपर वाचत होते. तिसऱ्या नावाला त्यांनी पेपर खाली केला. सहाव्याला कप बशीवर असा आपटला की बशीला चीर गेली. आणि नववं नाव ऐकल्यावर त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

नात सात वर्षांची. शाळेला निघायच्या आधी तिचा खेळ चालला होता. जमिनीवर तीन बाहुल्या, आजीची एक चप्पल आणि पाण्याची बाटली असं गोलात मांडून ती एकेकावर बोट ठेवत होती. राज्य कुणावर यायचं ते ठरवायचं होतं.

“ओरमे, ओरबीत, दुमे, दुमबीत, लाके, लाकतोर, रूवे, रूवतोर, उशेल!”

उशेल चपलेवर आलं. “ऊठ गं चपले,” असं म्हणून नातीनं चप्पल उचलली आणि दाराबाहेर नेऊन ठेवली.

“हे कुठं वाचलंस?” नानांचा आवाज चढला. “माझ्या ट्रंकेला हात लावलास?”

“मी कशाला लावू? त्यात झुरळं आहेत,” नात म्हणाली. “वरच्या शाळेत सगळ्या मुली असंच म्हणतात. ज्याच्यावर उशेल येतं त्यानं जागा सोडायची आणि बाहेर जाऊन उभं राहायचं. मग बाकीच्यांनी लपायचं.”

“पण म्हणजे काय ते?”

“काही नाही. नुसतं म्हणायचं असतं.”

एवढं सांगून ती आईचा हात धरून निघूनही गेली. आई म्हणजे नानांची मुलगी. ती टेकडीवरच्या वस्तीत शाळेत शिकवते आणि लेकीलाही तिथंच नेते. नाना चिरलेल्या बशीकडे बघत बसले. बायको म्हणाली, “अहो, बशी गेली ती गेली, तिचं इतकं सुतक नको.” पण नानांना बशीचं काहीच नव्हतं. ती नऊ नावं या ओळीनं जगात फक्त एका वहीत होती, आणि ती वही त्यांच्या ट्रंकेत कुलपात होती. निदान त्या सकाळपर्यंत त्यांची तशी खात्री होती.

आता हे साखळीनाना कोण, ते सांगायला हवं.

मोजणी ऑफिसात छत्तीस वर्षं घासलेला माणूस. साखळी म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी. नंतर फीत आली, दुर्बीण आली, मग तीन पायांवर उभं राहून स्वतःच आकडे सांगणारं यंत्रही आलं, पण नाना साखळीला चिकटले ते चिकटलेच. बाजारात गेले तरी पावलं मोजत जातात. लग्नाच्या दिवशी त्यांच्या घरापासून बायकोच्या घरापर्यंत अकराशे चौदा पावलं भरली होती, हे ते आजही झोपेतून उठवलं तरी सांगतील. लग्नाची तारीख मात्र बायकोला सांगावी लागते.

एकोणिसाव्या वर्षी ते नोकरीला लागले. साखळीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं एका म्हाताऱ्या साखळीवाल्याच्या. त्या म्हाताऱ्याला सगळे थोरले म्हणत. थोरल्यांनी शिकवण्यासारखं एकच शिकवलं. “शेत कुणाचं ते ऑफिसला विचार. पण शेताचं नाव काय, ते त्यात वाकून काम करतोय त्याला विचार. तो सांगेल तसंच लिही. मध्ये तुझी अक्कल चालवू नकोस.” तरुण नाना मान डोलवत आणि लिहून घेत. ओढा पायी ओलांडतात त्या उतारापासून सुरुवात करायची, डाव्या काठानं खाली चालत जायचं आणि पायाखाली येईल त्या ओळीनं नावं टिपायची, अशी थोरल्यांची पद्धत. गाव मध्ये आलं की तिथं मोजायला शेतच उरलेलं नसायचं, नुसती घरं. मग थोरले त्यांना ऑफिसच्या मागच्या खोलीत घेऊन गेले आणि कापडात बांधलेली एक वही सोडली. राजाच्या कारकुनांनी सहाशे वर्षांपूर्वी इथली पहिली मोजणी केली, तेव्हाची ती. तिच्यातून रूवे, रूवतोर आणि उशेल ही गावाखाली गाडली गेलेली तीन नावं नानांनी आपल्या वहीत उतरवली. त्या तीन नावांचा उच्चारही गावात कुणी कधी ऐकला नव्हता. थोरले म्हणाले, “आपण दोघंच आता यांचे वाली.” वर्षभरात थोरले गेले.

इथपर्यंत नानांचं वागणं अगदी नाकासमोर. घोटाळा केला तो अडतिसाव्या वर्षी, आणि तोही शाबासकी घेऊन.

नवे नकाशे छापायचे होते. वरून हुकूम आला की ज्या नावांचा अर्थ लागत नाही, जी उच्चारताना जीभ अडखळते, ती काढून तिथं सोपी, सुंदर नावं घालावीत. काम कुणाला? अर्थात साखळीनानांना. एका उन्हाळ्यात त्यांनी खोऱ्यातली दोनशे बारा नावं बदलली. पंख्याखाली बसून, पेन्सिल कानावर ठेवून, अगदी रमून. ओरमेचा सोनमळा केला. दुमबीतची फुलबाग केली. लाकतोर म्हणजे एक दगडाळ तुकडा, त्याला शांतिवन म्हणाले. एका तुकड्याला बायकोचं माहेरचं नाव दिलं, तेव्हा ती म्हणाली होती, “दागिना मागितला तर नांगरट दिलीत.” मग सगळी यादी अ पासून ज्ञ पर्यंत लावून त्यांनी ऑफिसला दिली. ऑफिसनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ आणि चौकटीतलं प्रमाणपत्र दिलं. ऑफिसातल्या त्या सहाशे वर्षांच्या वहीला कसर लागली होती आणि नवी यादी आल्यावर तिचं काम उरलं नव्हतं, म्हणून तिची विल्हेवाट लावावी असा कागद निघाला. त्यावर सही नानांची. घड्याळ कधीच बंद पडलं. प्रमाणपत्र अजून पुढच्या खोलीत, येणाऱ्याला पहिलं दिसेल असं.

आणि त्याच यादीवर आता साठ घरांचं नशीब टांगलं होतं.

टेकडीवर वस्ती होती तिला खालचे लोक नुसतं ‘वरचे’ म्हणत. बोलणं आता दोन्हीकडचं एकच, पण वरच्यांची म्हणून काही जुनी बोली होती, ती त्यांच्या आज्यापणज्यांबरोबर गेली. रंगानं जरा वेगळे, आडनावांनी वेगळे, सोयरीक नाही. खालच्या गावाला टेकडीवर मोठी पाण्याची टाकी आणि खडी फोडायचा कारखाना हवा होता. त्यासाठी वरच्यांना उठवायला हवं, आणि उठवायचं तर ते उपरे आहेत हे दाखवायला हवं. गावसभेचे अध्यक्ष म्हणजे नानांचे मेहुणे, बायकोचा धाकटा भाऊ. त्यांनी नानांना हाताशी धरलं. युक्तिवाद अगदी सोपा. खोऱ्यातलं प्रत्येक शेत आपल्या भाषेत बोलतं. एवढंच कशाला, टेकडीवरच्या खडकावरसुद्धा जी तीन जुनी नावं आहेत ती आपलीच, ‘पहिली चूल’, ‘नवघर’ आणि ‘मागपट्टी’. मग हे वरचे आले कुठून? त्यांच्या भाषेतलं एक नाव तरी दाखवा! चाळीस पानांचा हा अहवाल नानांनी स्वतः लिहिला होता आणि तिसऱ्या पानावर स्वतःच्या यादीचा हवाला दिला होता. गुरुवारी चौकशी होती. ती सकाळ सोमवारची होती.

नानांनी ट्रंक उघडली. झुरळं होती, नात खोटं बोलली नव्हती. वहीही होती, जशीच्या तशी, तीस वर्षांत कुणी हात न लावलेली. त्यांनी पान काढलं. उतारापासून डाव्या काठानं, पावलापावलानं: ओरमे, ओरबीत, दुमे, दुमबीत, लाके, लाकतोर, रूवे, रूवतोर, उशेल. एक नाव मागंपुढं नाही. नानांनी वही मांडीवर ठेवली आणि एकेका नावावर बोट ठेवून पुन्हा वाचली. शाळेतल्या पोरी खेळताना ओढ्याचा काठ चालत होत्या! ज्या काठावर त्या पोरींनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं तो!

ते तसेच उठले आणि टेकडी चढायला लागले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, पण त्या दिवशी पावलं मोजायची विसरला, यावरून काय ते ओळखावं.

शाळेच्या पायरीवर घंटा वाजवणारी म्हातारी बसली होती. वरच्या वस्तीत तिला सगळे घंटावाली आजी म्हणतात. शाळा झाडते, पाणी भरते, पोरांची भांडणं सोडवते. नानांना बघून ती उभी राहिली आणि चेहरा घट्ट केला. खालचा मोजणीवाला वर आला म्हणजे काहीतरी उपटायलाच आला असणार.

“आजी, मुली राज्य काढताना जे म्हणतात ते कुणी शिकवलं?”

“कोण शिकवणार? माझ्या आजीनं मला, मी माझ्या पोरींना. का हो, आता ते पण बेकायदा झालं का?”

“त्याचा अर्थ काय?”

“अर्थ कसला? पोरांचं बोबडं ते.” मग जरा थांबून ती म्हणाली, “ओर म्हणजे पाणी. आमच्यात अजून म्हणतात म्हातारी माणसं, ओर आण म्हणून. तोर म्हणजे दगड, घरच्या जात्याच्या पाळीला तोरच म्हणते मी. बीत म्हणजे खाली. बाकीचं काही नाही येत बाबा. आमची बोली गेली ना. तेवढे चार तुकडे उरलेत.”

नाना पायरीवर खाली बसले. ओरमे म्हणजे ओढ्याचं पहिलं पाणभरलं शेत. ओरबीत त्याच्याच खालच्या अंगाला. लाकतोर म्हणजे तो दगडाळ तुकडा, ज्याला त्यांनी शांतिवन म्हटलं होतं. अर्थ लागत नाही म्हणून पुसलेल्या नावांना चांगले दणदणीत अर्थ होते. फक्त ते या म्हातारीकडं होते, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

“अहो, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?” म्हातारी घाबरली. तिनं पाणी आणून दिलं. नाना प्यायले आणि आल्या पावली परत फिरले. खरं काय ते तिला सांगायची त्यांची छाती झाली नाही.

घरी आल्यावर त्यांनी जुना नकाशा जमिनीवर पसरला आणि नातीच्या रंगपेटीतले दोन खडू घेतले. वरच्यांच्या बोलीतलं जुनं नाव असेल तिथं निळा, आपल्या भाषेतलं असेल तिथं लाल. बायको दारात उभी राहून बघत होती. ओढ्याच्या दोन्ही काठांना निळा रंग भरत गेला. काळी जमीन निळी. उताराजवळची निळी. गाव ज्यावर वसलंय ती जागाही निळी. लाल खडूला काम मिळालं ते फक्त वर टेकडीवर, त्या तीन ठिकाणी.

“म्हणजे काय हो हे?” बायकोनं विचारलं.

“म्हणजे शेताला नाव देतो तो तिथं राहणारा,” नाना निळ्या काठावर बोट ठेवून सांगायला लागले. “पाण्याजवळ आधी कोण होतं? ते. खडकावर कोण होतं? आपण. पहिली चूल, बघ. आपण आलो तेव्हा पहिली चूल वर खडकावर पेटवली. मग नवं घर बांधलं. मग एक पट्टी मागून घेतली, म्हणून मागपट्टी. कुणाकडून मागितली? खाली जे होते त्यांच्याकडून. अगं, उपरे आपण होतो! ही तीन नावं घेऊन मी त्यांना उपरे ठरवायला निघालो होतो, आणि तीच नावं ओरडून सांगतायत की टेकडीवर बाहेरून येऊन उतरलो ते आपण!”

“मग ते वर कसे गेले आणि आपण खाली कसे आलो?”

“ते कुणी लिहून ठेवलं नाही,” नाना म्हणाले. “नावं तेवढं सांगत नाहीत. पण काळी जमीन सोडून खडकावर राहायला कुणी हौसेनं जात नाही.”

बायकोनं वाकून निळ्या रंगावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “आणि हे सगळं खोडरबरानं पुसलंत तुम्ही. पंख्याखाली बसून. आणि माझं नाव घातलंत त्यात.” तिनं पुढच्या खोलीत जाऊन प्रमाणपत्र भिंतीवरून काढलं आणि उलटं करून कपाटामागे सरकवलं. भिंतीवर चौकटीएवढा पांढरा चौकोन राहिला. नानांना तो गुरुवारपर्यंत रोज दिसत होता.

ते लगेच मेहुण्यांकडं गेले असं समजू नका. भित्रेपणा हा नानांच्या स्वभावातला जुना भाडेकरू. मंगळवारभर ते आजारी असल्याचं सोंग घेऊन पडून राहिले. बुधवारी मेहुणे स्वतःच आले, अहवालाची छापील प्रत घेऊन.

“भावोजी, उद्या फक्त उभं राहायचं आणि म्हणायचं, ही यादी अस्सल आहे. बास. तुमच्या शब्दाला वजन आहे.”

“यादी अस्सल नाही,” नाना म्हणाले.

मेहुण्यांना आधी वाटलं, गंमत आहे. नानांनी नकाशा दाखवला. मेहुणे वाकून बघत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनाही धक्का बसला होता, हे नानांना स्पष्ट दिसलं. क्षणभर वाटलं, आता हे म्हणतील, भावोजी, फार वाईट झालं. पण मेहुणे ताठ झाले. “सहाशे वर्षांपूर्वीचं भूत कशाला उकरता? जुनी वही राहिली नाही, ना? मग संपलं. ही तुमची खासगी वही कोण मानणार? उद्या मीच म्हणेन, म्हाताऱ्यानं काल रात्री बसून लिहिली. सात पिढ्या इथं आहोत, ताईला लोकांनी दारात उभं करावं असं वाटत असेल तर तोंड उघडू नका.”

“ताईचं ताई बघेल,” स्वयंपाकघरातून आवाज आला. मेहुणे चहा न घेता गेले.

चौकशी वरच्या शाळेच्या सभागृहात होती. एक मोठं टेबल, त्याभोवती पाच खुर्च्या. चौकशी अधिकारी बाई चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांच्या डावीकडं त्यांचा लेखनिक, मग मेहुणे, मग नाना, आणि वरच्यांच्या बाजूनं बोलायला घंटावाली आजी, कारण बोलायला दुसरं कुणी तयार नव्हतं. बाकावर दोन्हीकडची माणसं, समोरासमोर आणि गप्प. खिडकीला शाळेतल्या मुली लोंबकळत होत्या, त्यात नानांची नातही.

“ही यादी तुम्ही तयार केलीत?” बाईंनी विचारलं.

“हो,” नाना उभे राहिले. “अगदी शब्दशः. मी तयार केली. त्याआधी या खोऱ्यात यातलं एकही नाव नव्हतं.”

पुढं काय झालं ते सांगायला नकोच. अर्धं सभागृह उभं राहिलं. कुणी ओरडलं, विकला गेला. नाना बोलत राहिले. हुकूम, उन्हाळा, दोनशे बारा नावं, विल्हेवाटीच्या कागदावरची सही, सगळं सांगितलं. सांगताना स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटत होता. शेवटी त्यांनी वही टेबलावर ठेवली.

मेहुणे तयारच होते. “बाई, ही वही घरची आहे. शिक्का नाही, साक्षीदार नाही. काल लिहिली नाही कशावरून?”

बाईंनी वही उघडली नाही. “मुद्दा बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “मूळ नोंद नष्ट झाली आहे. तुमच्या एकट्याच्या वहीवर मी हे मान्य करू शकत नाही.”

नानांना वाटलं, संपलं. तीस वर्षांपूर्वी आपण इतकं नीट पुसलंय की आता आपल्यालाही ते परत आणता येत नाही. मग त्यांची नजर खिडकीकडं गेली.

“बाई, वही तुमच्याच हातात राहू द्या,” ते म्हणाले. “बाराव्या पानावर बोट ठेवा, डाव्या काठाची नावं आहेत. या आजींनी ही वही जन्मात पाहिलेली नाही, आणि त्यांना वाचता येत नाही. त्यांना एवढंच सांगा, या टेबलाभोवती बसलेल्यांत राज्य कुणावर येतं ते काढा.”

सगळे हबकून बघायला लागले. घंटावाली आजी तर लाजेनं लाल झाली. “अहो, इथं कसलं? पोरखेळ आहे तो.”

“काढा,” बाई म्हणाल्या. त्यांनी पान उघडलं होतं.

आजीनं बोट उचललं. आधी बाईंवर ठेवलं. “ओरमे.” लेखनिकावर. “ओरबीत.” मेहुण्यांवर. “दुमे.” नानांवर. “दुमबीत.” स्वतःवर. “लाके.” पुन्हा बाईंवर. “लाकतोर.” बाईंचं बोट पानावरून खाली सरकत होतं, आणि प्रत्येक नावाबरोबर त्यांची मान वर येऊन आजीकडं बघत होती. लेखनिकानं लिहायचं थांबवलं होतं.

“थांबा,” मेहुणे म्हणाले. “या बायका आमच्या शेतात मजुरीला येत होत्या. तिथंच ऐकली असतील.”

“बरोबर,” नाना म्हणाले. “इथपर्यंतची ऐकली असतील. माझ्या तरुणपणी शेतातली म्हातारी माणसं ही सहा नावं घेत असत. पण यापुढची तीन शेतं गावातल्या घरांखाली गेलीत. शेकडो वर्षं ती नावं खाली कुणी घेतलेली नाहीत. तुम्ही तरी ऐकलीत का? सांगा बघू, सातवं काय?”

मेहुणे अहवालाची पानं उलटायला लागले.

“रूवे,” आजी म्हणाली. तिचं बोट लेखनिकावर होतं. “रूवतोर.” मेहुण्यांवर. मग बोट नानांसमोर आलं. “उशेल.”

 तेवढ्यात खिडकीतून मुलींचा एकदम गलका आला, “नानांवर आलं! नाना, जागा सोडा! बाहेर जा!”

नाना उठून उभे राहिले. “उशेल म्हणजे माझं घर आहे त्या जागेचं नाव,” ते म्हणाले.

आजीचं बोट अजून त्यांच्याकडंच रोखलेलं होतं. ते तसंच राहिलं. “म्हणजे...” ती म्हणाली, “म्हणजे या जागा आहेत? सगळ्या? खऱ्या?”

“हो, आजी. उतारापासून ओळीनं.”

म्हातारीनं हात खाली घेतला आणि तोंडावर धरला. बाकावरच्या तिच्या माणसांकडं ती अशी बघायला लागली की जणू त्यांनी तिला इतकी वर्षं फसवलं होतं. पण त्यांचीही तीच गत झाली होती. लहानपणी सगळेच ते म्हणत खेळले होते. एक आडदांड गवंडी, चाळिशीचा, ओठ हलवून पुन्हा पुन्हा मोजत होता.

बाईंनी वही ताब्यात घेतली, आजीचं बोलणं शब्दशः लिहून घ्यायला लावलं आणि वस्ती उठवायचा हुकूम तिथल्या तिथं रोखला. मेहुणे जाताना नानांजवळ थांबले. “आजपासून आपलं नातं संपलं,” एवढंच म्हणाले. खालच्यांपैकी कुणी नानांना वाट दिली नाही; ते अंग चोरून बाहेर आले. शाळेच्या अंगणात घंटावाली आजी उभी होती.

“मला दाखवाल का?” तिनं विचारलं. “एकदा बघीन म्हणते.”

म्हणून ते निघाले. नाना, आजी, आणि मागून नाचत नात. उताराशी पोचल्यावर नाना थांबले, आणि मग डाव्या काठानं चालत प्रत्येक बांधावर हातानं दाखवत गेले. नाव मात्र ते घेत नव्हते, आजी घेत होती. ओरमेच्या ओल्या मातीत तिनं चप्पल काढून पाय ठेवला. लाकतोरला ती एका दगडावर बसली आणि थोडी रडली. आपण काही बोलावं असं नानांना वाटलं, पण बोलण्यासारखं काय होतं? गाव लागलं तशी दारं लागत गेली. रूवे आणि रूवतोर बंद दारांसमोरून पार पडले.

नानांच्या घराचं दार उघडं होतं. बायको दारात उभी. “या ना, आत या,” ती म्हणाली.

आजी पायरीपाशीच थांबली. “नको बाई. उशेल आलं की बाहेर उभं राहायचं असतं.” लहानपणापासूनची सवय, ती सहज बोलून गेली.

“पण आजी, तुझ्यावर कुठं आलंय?” नात म्हणाली. “आजोबांवर आलंय. तू जा आत.”

आजीनं नानांकडं बघितलं. नाना पायरीवरून खाली उतरले आणि बाजूला झाले. मग म्हातारी आत गेली, भिंतीवरच्या त्या पांढऱ्या चौकोनाखालच्या खुर्चीत बसली, आणि बायकोनं तिला पाणी दिलं. नाना अंगणात उभे राहिले.